वसंतातली पक्षीनिरीक्षण फेरी कशी न्यावी: रेकीपासून यादीपर्यंत

बागेतल्या किंवा राखीव वनातल्या पक्षीनिरीक्षण फेऱ्या बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतात. पुढच्या तिघा-चौघांना सगळं दिसतं, मागच्यांना त्यांच्या पाठी दिसतात. नेणारा भराभर नावं सांगत सुटतो, लोक माना डोलावतात. शेवटी यादीत चाळीसेक पक्षी असतात, पण नवख्या माणसाने दुर्बिणीतून नीट पाहिलेले जेमतेम दोन. नेणाऱ्याचं ज्ञान कमी असतं असं नाही. गडबड होते ती तयारीत आणि क्रमात.

हा लेख फेरी नेणाऱ्यासाठी आहे. पहिल्यांदाच नेत असाल तर इथला क्रम मोडू नका. वर्षानुवर्षं नेत असाल तर टप्पा ४ आणि ६ तरी वाचा. जुन्याजाणत्यांच्या चुका तिथेच जास्त असतात.

आधी वसंताचा हिशेब

या ऋतूत तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येकीची फेरीला एकेक अट असते.

पहिली, गाणं. हद्द राखण्यासाठी आणि मादीला बोलावण्यासाठी नर गातात. सर्वांत जोरदार गाणं सूर्योदयाच्या आसपास असतं आणि ऊन चढलं की ओसरतं. जोडी जमून पिल्लांना भरवायची वेळ आली की कित्येक नर जवळजवळ गप्पच होतात. म्हणून महिन्याभरापूर्वीच्या अनुभवावर फेरी आखू नका.

दुसरी, स्थलांतर. लहान पक्षी बहुतांशी रात्री उडतात आणि पहाटे मिळेल त्या झाडोऱ्यात उतरतात. रात्री पाऊस लागला किंवा वारा उलटा फिरला, तर दुसऱ्या दिवशी साधीशी बागही भरून जाते. वसंत म्हणजे हिवाळी पाहुण्यांची निघायची वेळ की उन्हाळी पाहुण्यांची यायची, हे तुमच्या अक्षांशावर ठरतं. निघणाऱ्यांबाबत एक अडचण लक्षात ठेवा. धोबी पक्ष्यांसारखे काही पाहुणे जाण्याआधीच विणीचा पिसारा धारण करतात. हिवाळाभर पाहिलेला फिकट पक्षी अचानक गडद, ठसठशीत दिसायला लागतो आणि नवखा माणूस पुस्तकात भलतंच पान उघडतो.

तिसरी, वीण. तिची अट सगळ्यांत कडक आहे, टप्पा ८ तिच्यासाठीच आहे.

टप्पा १: वाट निवडा

दीड ते दोन किलोमीटरची वाट पुरते. गटाचा वेग तासाला एक किलोमीटरच्या वर जाऊ नये. त्यापेक्षा लांब वाट घेतली की उत्तरार्धात पळापळ होते आणि पक्षी उडवण्याचा कार्यक्रम सुरू होतो.

वाट निवडताना हे पाहा:

- दोन अधिवास जिथे भेटतात त्या कडा. झाडी संपून गवत सुरू होतं तिथे, तळ्याचा काठ, कुंपणालगतची झुडपं. गर्द झाडीच्या मधोमध पक्षी ऐकू येतात, दिसत नाहीत.
- सकाळचं ऊन पाठीशी राहील अशी दिशा. समोर सूर्य असला की सगळे पक्षी काळे दिसतात. तळं असेल तर त्याच्या पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे बघायचं.
- फुलावर किंवा फळावर आलेलं एखादं मोठं झाड. तिथे पक्षी स्वतःहून येत राहतात आणि गटाला एका जागी उभं राहता येतं. अशा झाडापाशी वीस मिनिटं गेली तरी ती वाया गेलेली नसतात.
- सुरुवातीलाच मोकळी जागा, जिथे मोठे, संथ, सहज दिसणारे पक्षी असतील. वंचक, बगळे, घार, साळुंकी चालतील. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना काहीतरी नीट दिसायलाच हवं.
- बसायला जागा, स्वच्छतागृह, मध्येच परत फिरायची सोय. चाकाची खुर्ची किंवा काठी वापरणारे कोणी येणार असतील तर पायऱ्या आणि चिखल टाळणारी वाट.

परवानगीचं काम इथेच संपवा. बागेचं फाटक किती वाजता उघडतं? गटाने यायला, ट्रायपॉड आणायला वेगळी परवानगी लागते का? राखीव वन असेल तर सोबत त्यांचा माणूस हवा का? फाटक सूर्योदयानंतर तासाभराने उघडत असेल तर पहाटेच्या गाण्याची जाहिरात करू नका.

टप्पा २: रेकी, दोनदा

एक रेकी आठवडाभर आधी, त्याच वारी आणि त्याच वेळी. वार महत्त्वाचा आहे. बुधवारी शांत असलेली बाग रविवारी कुत्री फिरवणाऱ्यांनी, हास्यक्लबने आणि ध्वनिक्षेपकाने भरलेली असू शकते. पाण्याचे फवारे कधी सुरू होतात, गवत कापायचं यंत्र कुठल्या दिवशी फिरतं, हेही याच फेरीत कळतं.

दुसरी रेकी आदल्या दिवशी. हिचा हेतू वेगळा: कुठले पक्षी कुठे आहेत ते पाहणं आणि कुठे जायचं नाही ते ठरवणं. वहीत सहा-सात थांबे लिहा. प्रत्येक थांब्यापुढे दोन गोष्टी: इथे काय दिसण्याची शक्यता आहे, आणि काहीच दिसलं नाही तर इथे काय सांगण्यासारखं आहे. सुतारपक्ष्याने कोरलेली ढोली, शिंप्याने शिवलेलं पान, घुबडाने ओकलेली केस-हाडांची गोळी, विष्ठेने पांढरी झालेली फांदी. पक्षी वेळेवर येत नाहीत, खुणा मात्र जागेवर असतात.

नवं घरटं दिसलं तर वाट तिथून वळवा, थांबा तिथे ठेवू नका. मधमाश्यांचं पोळं, वारुळाची बिळं, उंच गवतातल्या गोचिडी यांचीही नोंद करा.

> तपासा: रेकी एकट्याने केली असेल तर वाटेला लागलेल्या वेळाची किमान दुप्पट वेळ गटासाठी धरा.

टप्पा ३: संख्या, वेळ आणि निरोप

एका नेणाऱ्यामागे १० ते १२ माणसं. पंधराच्या पुढे गेलात तर दोन गट करा आणि दोन वेगळ्या दिशांनी सोडा. दुसरा नेणारा नसेल तर नोंदणी थांबवा. "आलेच आहेत तर येऊ द्या" हा भलेपणा बाकीच्यांची फेरी बिघडवतो.

एक मागचा माणूस नेमा. त्याला पक्ष्यांची माहिती असलीच पाहिजे असं नाही. कोणी मागे पडू नये, कोणी घरट्याकडे सरकू नये, आणि मागच्यांना दिसत नसेल तर हात वर करून पुढे कळवावं, एवढं त्याचं काम.

जमायची वेळ आणि निघायची वेळ वेगळी लिहा. जमल्यावरची पंधरा मिनिटं दुर्बिणींसाठी लागतात (टप्पा ४), ती उशिरा येणाऱ्यांच्या वाट पाहण्यात घालवू नका.

लोकांना पाठवायच्या निरोपात फार काही नको: नेमकं कुठलं फाटक, किती चालायचं, किती वेळ, स्वच्छतागृह आहे की नाही, पाणी आणि टोपी आणा, मातकट किंवा हिरवट रंगाचे कपडे घाला, पांढरे आणि भडक टाळा, अत्तर नको. सरसरणाऱ्या कापडाचं जाकीट घालू नका असंही सांगा. शांत जागी त्याचा आवाज आश्चर्य वाटावं इतका येतो. दुर्बीण आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

फेरी रद्द कधी करायची तेही याच निरोपात येऊ द्या. रिमझिम पाऊस चालतो, उलट पाऊस उघडला की पक्षी झपाट्याने बाहेर पडतात. विजा असतील तर प्रश्नच नाही. खरा त्रास जोरदार वाऱ्याचा: आवाज ऐकू येत नाहीत आणि प्रत्येक पान हलत असल्याने हालचाल टिपता येत नाही. अशा दिवशी पुढे ढकलणं बरं.

टप्पा ४: पहिली पंधरा मिनिटं दुर्बिणींची

जवळजवळ सगळे नेणारे हा टप्पा गाळतात. लोक दुर्बीण आणतात, पण ती त्यांच्या डोळ्यांना जुळवलेली नसते. दोन तास ते दोन काळी वर्तुळं आणि एक धूसर ठिपका बघतात आणि संकोचामुळे बोलत नाहीत. फाटकापाशीच प्रत्येकाकडून हे करून घ्या, याच क्रमाने:

1. पट्टा गळ्यात. दुर्बीण छातीवर टेकावी इतकाच लांब. पोटावर लोंबणारी दुर्बीण वर येईपर्यंत पक्षी गेलेला असतो.
2. डोळ्याकडचे रबरी कप. चष्मा लावून बघणाऱ्यांनी ते पूर्ण आत फिरवायचे, चष्मा नसणाऱ्यांनी बाहेर काढायचे. दिसणारं चित्र चिमुकलं वाटत असेल किंवा कडेने काळं होत असेल तर नव्वद टक्के वेळा गफलत इथे असते.
3. दोन नळ्यांमधलं अंतर. बिजागरीवर नळ्या जवळ-लांब करून एकच गोल वर्तुळ दिसेपर्यंत जुळवायचं.
4. डायऑप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी कडी. दूरची एखादी पाटी निवडा. उजव्या नळीचं पुढचं भिंग तळव्याने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाटी स्पष्ट करा. आता डावी नळी झाका. मधल्या चाकाला हात न लावता, डायऑप्टरची कडी (बहुधा उजव्या नळीवर असते) फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. यापुढे फेरीभर फक्त मधलं चाक.
5. नजर न हलवता दुर्बीण वर. लोक आधी दुर्बीण लावतात आणि मग त्यातून पक्षी शोधत बसतात. उलटं करायचं: नजर पक्ष्यावर खिळवायची, मान हलवायची नाही, आणि दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. स्थिर वस्तूंवर सराव करा. आधी विजेचा खांब, मग खोडावरची गाठ, मग एकच पान.

पाचवी पायरी पाच-सहा वेळा घोटून घ्या. पुढच्या दोन तासांतलं निम्मं यश तिच्यात आहे.

दुर्बीण कोणती घ्यावी हा प्रश्न येणारच. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा: ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. १०×२५ च्या खिशातल्या दुर्बिणीत तो फक्त २.५ असतो, म्हणून पहाटे आणि सावलीत ती अंधारी वाटते. नवख्यांना ८×४२ किंवा ८×३२ द्या. दहा पटीत हाताची थरथर जास्त जाणवते आणि एका नजरेत मावणारी जागाही कमी होते. जास्त पट म्हणजे जास्त चांगलं, ही समजूत दुकानात विकली जाते, बागेत टिकत नाही.

> इशारा: दुर्बीण सूर्याकडे कधीही नको. आकाशात घार दाखवताना ती सूर्याजवळ गेली की "दुर्बिणी खाली" असं मोठ्याने सांगा. मुलं असतील तर हा नियम सगळ्यांत आधी.

> तपासा: निघण्याआधी प्रत्येकाला दूरच्या पाटीवरचं एक अक्षर वाचायला सांगा. वाचता आलं नाही तर पायरी २ पासून पुन्हा. दोघांत एक दुर्बीण असेल तर डायऑप्टर जास्त वेळ बघणाऱ्याच्या डोळ्यांचा ठेवा. तिघांत एक देऊ नका.

टप्पा ५: चालणं आणि थांबणं

पहिल्या थांब्यावर पोचलात की लगेच बोलू नका. दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि वेगवेगळ्या आवाजासाठी एकेक बोट मिटायचं. दोन मिनिटांनी विचारा, कोणाची किती बोटं मिटली. आकडे वेगवेगळे येतात, लोक एकमेकांना विचारू लागतात, आणि गटाचा आवाज आपोआप खाली येतो. "शांतता राखा" असं दहा वेळा सांगून जे होत नाही ते यातून होतं.

वाटेत नेणाऱ्याने पुढे राहायचं, पण चार पावलंच. पक्षी दिसला की स्वतः थांबा, हाताचा पंजा हळूच खाली दाबून खूण करा आणि मागचे जवळ येईपर्यंत तोंड उघडू नका. लोक एका रांगेत असताना पक्षी जाहीर केला तर पुढच्यांचा पक्षी होतो आणि मागच्यांची धावपळ. धावपळीने पक्षी उडतो. आधी गट अर्धवर्तुळात आणा, बुटकी माणसं आणि मुलं पुढे, मग सांगा.

कॅमेरेवाल्यांशी नियम सुरुवातीलाच ठरवा: पहिला मिनिट दुर्बिणीवाल्यांचा, पुढे सरकायचं नाही, फ्लॅश नाही. हे नंतर सांगितलं तर भांडण होतं.

पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. हद्द राखणाऱ्या नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो. खाणं, भरवणं, राखण सोडून तो नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. तुमच्यानंतर दुसरा गट आला आणि त्यानेही वाजवलं, की पुन्हा तेच. तोंडाने "पिश्श-पिश्श" करून पक्षी बोलावण्याची सवयही विणीच्या काळात सोडा.

टप्पा ६: पक्षी दाखवणं

"तो बघा, तो बघा, त्या हिरव्या झाडात!" हे वाक्य प्रत्येक फेरीत ऐकू येतं आणि त्याचा उपयोग शून्य. सगळीच झाडं हिरवी आहेत.

मोठ्याकडून लहानाकडे या. आधी सगळ्यांना दिसणारी, चुकवता न येणारी खूण: पाण्याची टाकी, विजेचा खांब, वाळलेलं झाड. मग त्या खुणेपासून दिशा. मग झाडातली जागा. मग पक्षी. उदाहरणार्थ: "पिवळी पाटी दिसतेय? तिच्या बरोबर मागे पानं नसलेलं झाड. त्याचा बुंधा जिथे दोन फांद्यांत फुटतो तिथून डावी फांदी धरून वर जा. दुसऱ्या वळणावर, सावलीत." प्रत्येक पायरीनंतर एक श्वास थांबा. लोक तुमच्या वाक्याच्या दोन पायऱ्या मागे असतात.

गोलसर झाडाला घड्याळ समजा: शेंडा १२, बुंधा ६. "तीनच्या काट्यावर, टोकापासून हातभर आत." मोकळ्या माळावर किंवा पाण्यावर मूठ वापरा: हात पूर्ण लांब केल्यावर दिसणारी आपली मूठ, "खांबापासून दोन मुठी उजवीकडे." हे माप मुलंही लगेच उचलतात.

हात झटकन लांब करून बोट दाखवू नका. पक्ष्याला ती झेप वाटते. कोपर अंगाशी ठेवून हळू दाखवा. पक्ष्यावर लेझरचा ठिपका तर मुळीच नको.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. "दिसला का?" असं विचारू नका. ज्याला दिसलेला नाही तोही "हो" म्हणतो, कारण बाकीचे खोळंबलेले असतात. त्याऐवजी विचारा, "तो काय करतोय?" किंवा "तोंड कुणीकडे आहे?" ज्याला दिसलाय तो लगेच सांगतो, "पंख साफ करतोय", "आपल्याकडे पाठ आहे". जो गप्प राहतो त्याच्या शेजारी जा, त्याच्या खांद्याच्या उंचीवर वाका आणि तिथून पुन्हा खुणा सांगा. त्याच्या जागेवरून मध्ये एखादी फांदी येत असते आणि तुम्हाला ती ठाऊक नसते.

स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एका नळीची मोठी दुर्बीण) असेल तर पहिल्या फेरीत प्रत्येकाने फक्त एक नजर टाकून बाजूला व्हायचं, दुसऱ्या फेरीत निवांत. स्कोपची उंची सगळ्यांत बुटक्या माणसाला जमेल अशी ठेवा. उंच माणूस वाकू शकतो, मुलगा वाढू शकत नाही.

> तपासा: पुढे निघण्याआधी मागच्या माणसाकडे बघा. त्याने मान डोलावली तरच पाऊल उचला. पाहिलेला एक पक्षी ऐकलेल्या पाच नावांपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो, तेव्हा एका थांब्यावर दोन पक्षी निसटले तर निसटू द्या.

टप्पा ७: ओळख पटवणं, नाव शेवटी

नाव सांगितलं की लोक बघायचे थांबतात. आधी गटाकडून वर्णन काढा आणि ठरलेल्या क्रमाने काढा:

1. आकार. चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? ही तीन मापं पुरतात.
2. चोच. बी फोडणारी जाड, किडे टिपणारी बारीक, मध पिणारी बाकदार, मांस फाडणारी आकडेबाज.
3. शेपटी आणि बसायची ढब. शेपूट वर उचललेली, सारखी हलणारी, की खोडाला टेकलेली?
4. करतोय काय, आणि कुठे. जमिनीवर, पानांत, शेंड्यावर, पाण्यात.
5. आवाज.
6. रंग.

रंग मुद्दाम शेवटी आहे. सावलीतला नर सूर्यपक्षी काळा दिसतो, उन्हात आला की जांभळा-हिरवा. सकाळच्या तिरप्या उन्हात पांढरं पोट पिवळसर वाटतं. माझ्या मते नवख्यांना रंगावरून ओळखायला शिकवणं म्हणजे त्यांना चुकायला शिकवणं.

आवाजाच्या बाबतीत दोन-तीन ठरावीक गोंधळ होतात, ते आधीच सोडवून ठेवा. कुहू-कुहू करतो तो काळा नर कोकीळ. ठिपकेदार तपकिरी मादीचा आवाज "किक्-किक्-किक्" असा तुटक असतो. तांबटाची टुक-टुक कुठून येते ते चटकन कळत नाही, कारण ओरडताना तो डोकं हलवतो आणि तोंड फिरवतो, त्यामुळे आवाज कधी जवळून तर कधी लांबून आल्यासारखा वाटतो. त्याला पानांत शोधू नका, उघड्या वाळक्या फांद्यांचे शेंडे तपासा. आणि घसा फाडून ओरडणारा पक्षी मोठाच असेल असं नाही. शिंपी मुठीत मावेल एवढा असतो.

मोबाइलवरचं मर्लिन हे ॲप आवाज ऐकून पक्ष्यांची नावं सुचवतं. ते वापरा, पण सूचना म्हणून. कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो, पर्णपक्षी तर अनेकांच्या नकला करतो, आणि ॲप दोन्ही वेळा फसू शकतं. पडद्यावर नाव आलं म्हणून यादीत लिहू नका. पक्षी दिसला किंवा आवाज तुम्हाला स्वतःला ओळखता आला तरच.

ओळख पटली नाही तर "माहीत नाही" म्हणा आणि वर्णन वहीत उतरवा. नेणाऱ्याने ठोकून दिलेलं नाव बारा जण घरी घेऊन जातात.

टप्पा ८: घरटी, पिल्लं आणि घुबडं

घरटं हा थांबा नाही. अगदी सहज दिसत असलं तरी नाही. घरट्याकडे बघत उभा राहिलेला गट कावळ्यांना दिसतो, आणि गवतातून पडलेली पायवाट मांजर-मुंगसांना सरळ तिथे नेते.

पक्षी खुणा देतात, त्या वाचा:

- चोचीत किडा धरून पक्षी फांदीवर नुसता बसलाय, आत जात नाही. तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात. पिल्लं तुमच्यामुळे उपाशी आहेत. लगेच मागे फिरा.
- टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडतेय. अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळून गेलेली असतात. पुढे किंवा बाजूला जाऊ नका, आलेल्या पावलांनी परत फिरा, नजर जमिनीवर ठेवून.
- चिखल्या पंख मोडल्यासारखा लंगडत चाललाय. तो तुम्हाला घरट्यापासून लांब नेण्याचं नाटक करतोय. त्याच्यामागे जाऊन फोटो काढू नका, गट घेऊन त्या जागेतून बाहेर पडा.
- एकाच सुराची, तुटक, सारखी चालणारी चिकचिक. हे गाणं नव्हे, धोक्याची हाक आहे.

जमिनीवर पिल्लू सापडलं की गटात खळबळ उडते. पिसं आलेली आहेत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय? मग ते हरवलेलं नाही. बहुतेक पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात आणि आई-बाप जमिनीवर भरवतात. गटाला लांब न्या, पालक येतात. वाटेच्या मधोमध असेल तर उचलून शेजारच्या झुडपात ठेवणं पुरे. पिसं न फुटलेलं उघडं पिल्लू असेल आणि घरटं हाताला येण्यासारखं असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप पिल्लू टाकतात ही समजूत खोटी आहे.

दिवसा झोपलेलं घुबड दाखवावं का? एकदाच, लांबून, दोन मिनिटं. त्याने डोळे उघडून अंग ताणून बारीक केलं तर तिथेच संपवा. जागा समाजमाध्यमांवर टाकू नका आणि गटालाही तसं सांगा, फोटोत मोबाइल स्थळ नोंदवतो हेही सांगा.

> इशारा: मधमाश्या उठल्या तर हात झटकत उभं राहू नका. तोंड झाकून सगळ्यांना वेगाने लांब, शक्यतो इमारतीत किंवा बंद गाडीत न्या. पाण्यात उडी मारणं उपयोगाचं नाही.

टप्पा ९: यादी आणि नंतरचं

यादी चालताना करा. शेवटी बसून आठवून केलेल्या यादीत न दिसलेले पक्षी शिरतात. लिहायला गटातलाच एक जण नेमा, म्हणजे तुमचे डोळे मोकळे राहतात.

ई-बर्डवर (कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी आणि नॅशनल ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये सुरू केलेला नोंदींचा मंच) टाकणार असाल तर काही चुका नेहमी होतात:

- सगळ्या गटाची एकच यादी करायची आणि ती बाकीच्यांशी शेअर करायची. प्रत्येकाने वेगळी यादी टाकली तर तेच दहा पोपट बारा वेळा मोजले जातात.
- त्याच वाटेने परत आलात तर अंतर एकाच बाजूचं धरा.
- ओळखलेले सगळे पक्षी लिहिले तरच यादी "पूर्ण" म्हणून नोंदवा. कावळे, पारवे, साळुंक्या गाळून दुर्मीळ तेवढे लिहिलेली यादी पूर्ण नव्हे.
- संख्या लिहा, अंदाजे का असेना. पारव्यांचा थवा मोजता येत नसेल तर दहांचा घोळका नजरेत धरा आणि असे किती घोळके आहेत ते मोजा.
- नुसता ऐकलेला पक्षीही मोजा, ओळख पक्की असेल तर.

फेरी सुरू झाली त्याच फाटकापाशी संपवा आणि प्रत्येकाला एकच विचारा: आज नीट दिसलेला पक्षी कोणता आणि तो काय करत होता? उत्तर फक्त नावाचं आलं तर टप्पा ६ मध्ये कुठेतरी घाई झाली आहे.

त्याच संध्याकाळी यादी गटाला पाठवा, संवेदनशील घरट्यांच्या जागा वगळून. तुटलेलं कुंपण, मांजात अडकलेला पक्षी, पेटवलेला पाचोळा असं काही दिसलं असेल तर बागेच्या व्यवस्थापनाला लेखी कळवा. मग वही उघडून थांब्यांपुढे शेरे लिहा: कुठे ऊन डोळ्यावर आलं, कुठे गटाला उभं राहायला जागा पुरली नाही, कुठलं झाड आता फुलावरून उतरतंय, कुठल्या झुडपात घरटं सुरू झालंय. पुढची फेरी दोन आठवड्यांनी असेल तर यातल्या निम्म्या नोंदी बाद झालेल्या असतील, म्हणून आदल्या दिवशीची रेकी पुन्हा करायचीच.